नाल्याकडची गॅलरी

आई पप्पांचं प्रेशर दोन जागी मोजायची. सकाळी एकदा पुढच्या खोलीत, रस्त्याच्या बाजूला, आणि अर्ध्या तासानं मागच्या गॅलरीत, नाल्याच्या बाजूला. तिनं महापालिकेच्या शाळेत तीस-एक वर्षं शिकवलंय, त्यामुळे कुठलीही गोष्ट वहीत उभी रेघ मारून लिहिल्याशिवाय तिला खरी वाटत नाही. पानाच्या डाव्या बाजूला तिनं लिहिलं 'पुढे', उजव्या बाजूला 'मागे'. पहिल्या आठवड्यात मी त्या रेघेला हसले. दुसऱ्या आठवड्यात हसायचं थांबले, कारण मागचा आकडा रोज पुढच्यापेक्षा कमी यायचा. कधी आठानं, कधी पंधरानं. दंड तोच, पट्टा तोच, गोळ्या त्याच. बदलत होता तो फक्त आवाज.

पुढे रस्ता होता. विश्रांतवाडीच्या चौकात अडकलेल्या गाड्यांचे हॉर्न आमच्या खिडकीपर्यंत यायचे. बसचा ब्रेक, डंपर मागं घेताना वाजणारी शिट्टी, समोरच्या गॅरेजमध्ये पत्र्यावर पडणारा हातोडा. अकराच्या सुमारास लोहगावकडून लढाऊ विमानं उठतात. तेव्हा आमच्याकडची माणसं बोलता बोलता थांबतात, विमान जाऊ देतात आणि वाक्य जिथं तुटलं तिथून पुढे नेतात. बाहेरून आलेल्यांना याचं हसू येतं. आम्ही थांबलो होतो हे आम्हाला कळतही नाही. पण पट्ट्याला कळायचं.

मागे नाला होता. त्याचं कौतुक करायला मी बसलेली नाही. त्यात वरच्या सोसायट्यांचं सांडपाणी यायचं, प्लॅस्टिक यायचं, उन्हाळ्यात वास यायचा. तरी काठावर एक उंबर होता, दोन करंज होते आणि खाली काळ्या दगडाची एक पायरी होती, तिच्यावरून पाणी बारा महिने पडायचं. उंबरावर तांबट बसायचा. त्याचं टुक-टुक म्हणजे लांब कुठंतरी कोणी तांब्याचं भांडं ठोकतंय असं वाटतं. पप्पांनी आयुष्य कारखान्यात काढलं, ठोकण्याचा आवाज त्यांना नको असेल अशी माझी समजूत होती. ते म्हणाले, "हा बिनपगारी आहे. त्याला कोणी सुपरवायझर नाही. म्हणून ऐकावासा वाटतो." शिंपी पक्षी होता, बुलबुल होते, आणि सकाळी खंड्या तारेवरून ओरडत खाली झेप घ्यायचा. या आवाजांत पप्पांचे खांदे खाली यायचे. मला ते खुर्चीच्या मागून दिसायचं. खांदे आधी यायचे, आकडा नंतर.

आकडा खाली येणं गरजेचं होतं. पप्पांना निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी हार्ट अ‍ॅटॅक आला. दवाखान्यात एक नस लगेच उघडली. दुसरी सहा आठवड्यांनी करू म्हणाले, पण तोवर प्रेशर उतरलं पाहिजे आणि झोप पुरी झाली पाहिजे, नाहीतर ते हात लावणार नव्हते. डॉक्टर माझ्यापेक्षा फार तर पाचसहा वर्षांनी मोठे असतील. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, गोळ्या मी देतो, पण त्यांना सारखं दचकू देऊ नका. माणूस दचकतो तेव्हा नुसते कान दचकत नाहीत, आत सगळं दचकतं, आणि परत जागेवर यायला त्याला वेळ लागतो. तो वेळ त्यांना मिळाला पाहिजे. मी विचारलं, तो वेळ पुण्यात कुठं मिळतो? ते हसले नाहीत. म्हणाले, घरात सगळ्यात शांत जागा कुठली आहे ती शोधा आणि तिथं त्यांना बसवा.

आम्ही आळंदी रस्त्यावरून रिक्षानं घरी आलो तेव्हा वाटेत एका नव्या गृहप्रकल्पाचं मोठं होर्डिंग होतं. 'पक्ष्यांच्या किलबिलाटात जागे व्हा.' आमच्याकडे तो किलबिलाट होता, कारण नाल्याकाठी घर घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

आता एका स्मरणपत्राबद्दल लिहायला हवं.

आमच्या घरात मी पुस्तकाच्या आधी पत्रक वाचायला शिकले. पप्पा कारखान्यातून येऊन चहा पिऊन लिहायला बसायचे. नळाला पाणी नाही, दिव्याचा खांब पडला, शिष्यवृत्तीचे अर्ज अडवले, विहाराच्या जागेवर कोणी गाड्या लावतंय. वस्तीत कुणाचंही काही अडलं की कागद आमच्याकडे यायचा. या कामाचे आमच्या घरात तीन नियम होते. एक, कुठलाही कागद घरात मोठ्यानं वाचल्याशिवाय बाहेर जाणार नाही. वाचताना जीभ जिथं अडखळेल ते वाक्य खोटं समजायचं. दोन, कार्यालयात दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची, कारण बिनपोचेचा अर्ज म्हणजे भिंतीला सांगितलेली गोष्ट. आणि तीन, एकदा केलेली मागणी पुरी होईपर्यंत दर वर्षी त्याच दिवशी स्मरणपत्र द्यायचं. तब्येत, लग्न, मयत, काही असो. पप्पा म्हणायचे, कार्यालयाला आपल्या रागाची सवय होते, आपल्या नियमितपणाची होत नाही.

नाल्याची मागणी या फाइलींतली सगळ्यात जाड. एका पावसात खालच्या आळीत कमरेएवढं पाणी शिरलं होतं. खालची आळी म्हणजे आमच्यापासून चार गल्ल्या उतारावर, जिथं नाला वळतो. धान्य गेलं, अंथरुणं गेली, मुलांची दप्तरं गेली, एका म्हातारीला पत्र्यावर चढवून ठेवावं लागलं. पप्पांनी अर्ज लिहिला: नाल्याला दोन्ही बाजूंनी पक्की भिंत बांधा आणि तो बंदिस्त करा. मी तेव्हा शाळेत होते. ते वाक्य मी मोठ्यानं वाचलं होतं, न अडखळता. त्यानंतर अकरा स्मरणपत्रं गेली.

बाराव्याचा दिवस आला तेव्हा पप्पा आयसीयूत होते. बाहेरच्या बाकावर बसून मला एकदम तारीख आठवली. मी बुधवार पेठेत एका छपाईच्या दुकानात डीटीपीचं काम करते. तिथं जाऊन तासाभरात कागद तयार केला. शुद्धीवर आल्यावर त्यांना पोच दाखवायची, एवढंच डोक्यात होतं. मला वाटत होतं, साखळी तुटली नाही हे पाहून त्यांना जगावंसं वाटेल. अकरा वर्षांचा मजकूर तोच होता, पण मी खाली स्वतःची एक ओळ घातली: यंदा काम सुरू न झाल्यास आम्ही सर्व रहिवासी कार्यालयाच्या दारात बेमुदत बसू आणि उठवल्याशिवाय उठणार नाही. सही माझी.

महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या बाईंनी कागद पाहून चष्मा वर केला. दरवर्षी एक गृहस्थ येतात ते कुठं आहेत, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या शिक्का उचलत म्हणाल्या, "म्हणजे आता गादी तुमच्याकडे. बसा, पण बेमुदत बसायचं असेल तर पंख्याखाली जागा नाही, आधीच सांगते."

मी पोच घेऊन पळत दवाखान्यात आले. ती पप्पांना दाखवायची मात्र राहिलीच. त्या दिवशी त्यांना बोलायला बंदी होती, पुढे घरी आल्यावर गोळ्यांचं वेळापत्रक आणि वही यात तो कागद माझ्या पिशवीत तळाला गेला.

घरी आल्यावरचे पहिले तीन आठवडे चांगले गेले. इतके चांगले की मला त्यांची भीती वाटायला हवी होती. पप्पा सकाळी गॅलरीत बसायचे, दुपारी तिथंच डुलकी घ्यायचे. जेवण वाढत होतं. उजव्या बाजूचे आकडे आईनं हिरव्या शाईनं लिहायला सुरुवात केली. शेजारच्या काकांनी येऊन सांगितलं, वासात बसून माणूस बरा होतो हे आजच पाहिलं. पप्पा म्हणाले, "कारखान्यातला वास सरकारी होता, हा आपला आहे."

चौथ्या आठवड्याच्या सोमवारी, साडेनऊला, उताराकडून पहिला आवाज आला.

तो मोठा नव्हता. कोणीतरी जमिनीच्या आत दार ठोठावतंय असा होता. सलग दहा-बारा ठोके, मग शांतता, मग पुन्हा. तांबट थांबला. पप्पांनी मान वळवून विचारलं, "कुणाचं बांधकाम निघालं?" मी म्हटलं, पाहून येते.

खालच्या आळीच्या वळणावर नाल्याच्या पात्रात पिवळं पोकलेन उतरलं होतं. त्याच्या हाताला बादलीऐवजी ब्रेकर लावला होता आणि तो काळ्या खडकात घुसत होता. काठावर फलक होता, कामाचं नाव लिहिलेलं: नाला बंदिस्तीकरण. फलकाचे शब्द आमच्या अर्जातले होते, त्याच क्रमानं. मी ते पुन्हा एकदा वाचलं. बारा वर्षांत पहिल्यांदा आम्ही जिंकलो होतो.

साइटवरच्या सुपरवायझरला मी विचारलं, हे काम कुठपर्यंत जाणार. त्यानं वरच्या दिशेनं हात केला, आमच्या गॅलरीकडे, आणि म्हणाला पावसाच्या आत तुमच्या पलीकडच्या पुलापर्यंत. रोज किती, तर खडक लागला तर दहा-बारा फूट, नाही लागला तर जास्त. मग तो आपणहून बोलला, की भिंती झाल्या की वरून स्लॅब आणि स्लॅबवरून रस्ता, चौकातली गर्दी मागून काढून द्यायची आहे. मी म्हटलं, आमच्या अर्जात रस्ता नव्हता.

"मॅडम, आधी तुम्हीच बोंब मारता काम करा. केलं की म्हणता आवाज होतो, रस्ता नको. बिनआवाजाचं मशीन निघालं की पहिला फोन तुम्हालाच करतो."

परत चढावर येताना मी पावलांनी अंतर मोजलं. रोजच्या दहा-बारा फुटांनी भागलं. सहावा आठवडा संपायच्या सुमारास ब्रेकर बरोबर आमच्या गॅलरीखाली असणार होता. त्यानंतर तिथून गाड्या जाणार होत्या, तेच हॉर्न, तीच डंपरची शिट्टी. आमच्या घराला आता मागची बाजूच उरणार नव्हती.

पप्पांना मी सांगितलं, कुणीतरी बंगला पाडतंय. आईनं माझ्याकडे पाहिलं. तिनं तीस वर्षं पोरांचे खोटे बहाणे ऐकलेत. मग आत जाऊन तिनं डाळ धुवायला घेतली.

पुढचे दिवस मी त्या यंत्राच्या वेळेनं जगले. आवाज रोज थोडा मोठा व्हायचा, पण मोठ्या आवाजाची सवय झाली असती. रस्त्याची झालीच होती. सवय होत नव्हती ती मधल्या शांततेची. ब्रेकर नेमानं चालत नाही. दहा ठोके झाले की चालक हात हलवतो, दगड तपासतो, तंबाखू मळतो, कुणाशी बोलतो. ती शांतता दोन मिनिटांची असते किंवा वीस. आणि त्या शांततेत पप्पा ताठ बसायचे. ठोके पडत असताना त्यांचे खांदे वर असायचे, थांबल्यावर ते आणखी वर जायचे. पुढचा ठोका कधी पडेल याची ते वाट पाहायचे. उजव्या हाताची बोटं एकेक करून मांडीवर टेकवायचे. मी विचारलं, काय मोजता? म्हणाले, "काही नाही. कधी सुरू करतोय बघतो." पूर्वी त्याच खुर्चीत ते पाण्याकडे कान लावून झोपी जायचे.

आधी खंड्या गेला. मग बुलबुल रस्त्याच्या बाजूच्या तारांवर दिसायला लागले, तिथं ते ओरडत होते की गप्प होते हे हॉर्नमुळे कळत नव्हतं. तांबट एकदा सकाळी सात वाजता, काम सुरू व्हायच्या आधी, थोडंसं बोलून गेला. एक दिवस दोन माणसं येऊन उंबरावर आणि करंजांवर पांढऱ्या रंगानं आकडे लिहून गेली. दगडाची पायरी अजून होती, पण वरून पाणी वळवल्यामुळे कोरडी पडली. पाण्याचा आवाज बंद झाला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की घरात तो इतकी वर्षं होता.

आईच्या वहीत डावी आणि उजवी बाजू जवळ येत गेल्या. एका बुधवारी दोन्हीकडे एकच आकडा आला. दुसऱ्या दिवशी मागचा जास्त आला. आईनं मधली उभी रेघ मारणं सोडून दिलं. गॅलरीचं दार लावून घेतलं तर आतल्या खोलीत उकाडा व्हायचा आणि ठोका भिंतीतून यायचा; तांब्यातलं पाणी थरथरायचं. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी गोळी वाढवली. म्हणाले, असंच राहिलं तर तारीख देता येणार नाही.

मग मी ते केलं जे मला येतं. कागद लिहिला. काम थांबवा असा अर्ज, आणि सोबत वस्तीत वाटायला पत्रक. पक्ष्यांवर लिहिलं, झाडांवर लिहिलं, रस्त्याच्या छुप्या डावावर लिहिलं. नागरिकांच्या आरोग्यावर तीन परिच्छेद. चांगलं लिहिलं होतं. सह्यांसाठी मी आधी खालच्या आळीत गेले, कारण पप्पांच्या फाइलीत पहिली सही नेहमी तिथल्या एका मावशींची असायची. त्या शाळेत खिचडी शिजवतात. पाण्याच्या वर्षी पत्र्यावर चढवलेली म्हातारी ही त्यांची सासू.

त्यांनी कागद हातात घेतला नाही, मला वाचायला लावला. मी वाचला. त्यांच्या दारासमोर नवी भिंत उभी राहिली होती, ओल्या सिमेंटची, माझ्या डोक्याएवढी उंच. वाचून झाल्यावर त्यांनी आधी त्या भिंतीकडे पाहिलं.

"यात तुझा बाप कुठं हाय?"

मी म्हटलं, नागरिक म्हटलंय त्यात ते आलेच.

"नागरिक म्हनजे मी पन आले. मला आवाज चालतोय. म्या या आवाजाची बारा वर्सं वाट बघितली." त्यांनी हात पुसले. "सही पायजे तर देते बघ. तुझ्या बापानं मागितलं असतं तर डोळं झाकून दिली असती. पन मग खरं लिही. एका मानसाची झोप व्हत न्हाई म्हनून काम थांबवा, आसं लिही. पाखरांच्या आडून मागू नगंस."

मी सही न घेता परत आले. रागावले होते, त्यांच्यावर नाही. चढावर निम्म्यात मला थांबावं लागलं. त्या बाईचं म्हणणं मी लहानपणापासून दुसऱ्यांना सांगत आले होते.

रात्रभर कागद बदलला. पक्षी काढले. झाडं एका ओळीत ठेवली. मागणी लहान केली: माझ्या वडिलांच्या हृदयावर दुसरी शस्त्रक्रिया व्हायची आहे, ती होईपर्यंत आमच्या घरामागचा तुकडा सोडून काम पुलाच्या बाजूनं घ्यावं. हे खरं होतं. पण बाहेर न्यायचं तर पहिला नियम आड येत होता. हा कागद घरात मोठ्यानं वाचायचा म्हणजे पप्पांना सगळंच कळणार होतं. बारावा कागद मी न वाचता नेला होता. त्याचं काय झालं ते भिंतीतून ऐकू येत होतं. दुसऱ्यांदा तसं करायची माझी हिंमत झाली नाही.

दुपारी एक ते दोन कामगारांची जेवणाची सुट्टी असते. त्या तासात मी पप्पांसमोर बसले आणि वाचलं. आई दारात उभी होती. मी कुठंही अडखळले नाही, शेवटपर्यंत. ते डोळे मिटून ऐकत होते.

"म्हणजे हा आपलाच नाला आहे," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

"मंजुरी कशावर झाली?"

मी पिशवीच्या तळातून पोच काढून दिली. त्यांनी ती लांब धरून वाचली. शिक्का पाहिला, सही पाहिली, खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"उठवल्याशिवाय उठणार नाही. ही तुझी?"

"हो."

"चांगली आहे." त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "मला न ऐकवता गेली."

"तुम्ही आयसीयूत होता, पप्पा."

"आईला वाचून दाखवायची."

आई दारातून म्हणाली, "मी तरी काय केलं असतं? मीच तर तिला म्हणाले असते, दे."

पप्पा हसले, आणि मला वाटलं झालं, आता सही करतील. त्यांनी माझा नवा कागद पुन्हा मागितला. पेन घेतलं. एका ठिकाणी 'शस्त्रक्रिया' होतं ते खोडून 'ऑपरेशन' केलं, लोक तेच म्हणतात म्हणून. मग पेनाला टोपण घातलं.

"भिंत किती वर आलीय?"

मी सांगितलं, तीन गल्ल्यांपर्यंत.

"आपल्यामागचा तुकडा सोडला तर इथं पात्र रुंद आणि उघडं राहणार, पुढे एकदम अरुंद. पाऊस आला की पाणी इथं तुंबणार, आणि काठ फोडून खाली जाताना पूर्वीच्या दुप्पट जोरानं जाणार. कुणाच्या घरात?"

त्यांनी कारखान्यात पाइप आणि दाब यातच आयुष्य काढलं होतं.

"मग तुमचं काय?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. मी म्हटलं, रस्ता तर आपण मागितलाच नव्हता, तो तरी अडवू. ते म्हणाले रस्त्यावर जरूर लिही, त्याचा वेगळा अर्ज कर, तो मी वाचीन. पण भिंतीच्या आड येऊ नकोस. माझ्यासाठी तर मुळीच नको. आणि मग, जणू बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं, म्हणाले, "दोन वाजत आले. दार लावून घे."

दोन वाजून पाच मिनिटांनी सुरू झालं.

तो कागद मी दिला नाही. रस्त्याविरुद्धचा अर्ज दिला, पोच घेतली. बाईंनी शिक्का मारताना या वेळी काहीच टोमणा मारला नाही, आणि ते मला बरं वाटलं नाही. सहाव्या आठवड्यात उंबर पडला. करवतीला अर्धा तास लागला. ब्रेकर आमच्या गॅलरीखाली पाच दिवस होता. त्या पाच दिवसांत पप्पा एकदाही कुणावर चिडले नाहीत. जेवायचे थोडं, बोलायचे थोडं. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी तीनदा पट्टा बांधला, मग फाइल मिटली. तारीख पुढे गेली. त्यांना कुठं दुसरीकडे नेता येईल का, महिनाभर तरी, असं त्यांनी आईला विचारलं.

लोणी काळभोरला माझी आत्या असते. गावापासून बाजूला, उसाच्या कडेला तिचं घर, शेजारून कालव्याची चारी वाहते. सोलापूर रस्ता तिथून लांब आहे. वारा त्या बाजूनं असला तरच तो ऐकू येतो. आम्ही पप्पांना तिथं घेऊन गेलो. आत्यानं पडवीत खाट टाकली, उशाला उंच उशी ठेवली आणि म्हणाली, "आता निवांत पड. हितं काय बी आवाज न्हाय."

आवाज होते. चारीतलं पाणी होतं. उसाची पानं एकमेकांना घासत होती, बांधावर कवडे घुमत होते, कुठंतरी मोराचा आवाज यायचा. नाल्यावर जे होतं ते सगळं इथं होतं आणि स्वच्छ होतं. मी मनात ठरवूनच टाकलं, दोन दिवसांत आकडा उतरेल. आईनं पहिल्या संध्याकाळी पट्टा बांधला आणि मला आकडा सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधला. मी तिच्या हातातून वही घेतली. घरच्यापेक्षा जास्त होता.

प्रवासाचा शीण असेल, आई म्हणाली. असेल. मी तिसऱ्या दिवशी सकाळी पडवीत पप्पांच्या मागं पायरीवर बसले. ते खाटेवर टेकून उसाकडे पाहत होते. एक कवडा बोलायला लागला. सलग सात-आठ वेळा, मग थांबला. वारा पडला होता, पानंही गप्प होती. आणि त्या शांततेत मी पाहिलं, त्यांच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून मांडीवर टेकत होती.

"अजून सुरू केलं नाही त्यानं," ते म्हणाले.

आत्या सुपात तांदूळ घेऊन तिथंच होती. "कुनी? हितं कोन काय सुरू करनार हाय, दादा? ऊस हाय आन पानी हाय."

पप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आपण कुठं आहोत हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. ते म्हणाले, "खरंय," आणि हात उचलून पोटावर ठेवला.

डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी परत बोलावलंय. तेव्हाचा आकडा पाहून ठरवू म्हणालेत. त्यांनी मला सांगितलं होतं की दचकलेल्या शरीराला जागेवर यायला वेळ लागतो. किती, ते मी विचारलं नव्हतं, आणि आता फोन करून विचारायचं मी टाळते आहे. विश्रांतवाडीत स्लॅबच्या सळ्या आल्याचं शेजारच्या काकांनी कळवलंय.

कवडा पुन्हा बोलला, पाच वेळा, सहा वेळा. मी त्याच्याबरोबर मोजत होते हे मला तो थांबल्यावर कळलं. चारीतलं पाणी तेवढं चालू होतं. पप्पांचे खांदे हळूहळू वर आले आणि तसेच राहिले.